घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतताना: मनाची तयारी कशी ओळखायची, कशी घडवायची

2023 च्या एकदिवसीय विश्वचषकात 19 ऑक्टोबरला पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर हार्दिक पांड्याने स्वतःच्याच गोलंदाजीवर आलेला सरळ फटका पायाने अडवायचा प्रयत्न केला आणि त्याचा डावा घोटा दुखावला. त्याची स्पर्धा तिथेच संपली. पुढच्याच सामन्यात मोहम्मद शमीला संघात जागा मिळाली आणि त्याने 7 सामन्यांत 24 बळी घेतले. पण तीन महिन्यांनी, फेब्रुवारी 2024 मध्ये, टाचेच्या मागच्या जाड शिरेवर, म्हणजे अकिलिस टेंडनवर, लंडनमध्ये शमीचीच शस्त्रक्रिया झाली. भारतीय संघात परतल्यावर एका मुलाखतीत त्याने मोकळेपणाने सांगितलं, की शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन महिन्यांनी पाय जमिनीवर टेकवायला सांगितला गेला, तेव्हा वाटली तेवढी भीती त्याला आधी कधीच वाटली नव्हती.

हा माणूस वेगवान गोलंदाज आहे. चेंडू टाकताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर झेलणं हा त्याचा रोजचा धंदा. त्यालाच नुसतं उभं राहायची भीती वाटली. तरीही गावातल्या मैदानावर शस्त्रक्रियेनंतर परतलेला एखादा मुलगा चढाईला जाताना कचरला, की आपण लगेच म्हणतो, 'मनाने कच्चा आहे.' हा शेरा मला फार खटकतो, कारण तो चुकीचा आहे आणि त्यातून कुणालाच काही मदत होत नाही. शस्त्रक्रियेनंतर वाटणाऱ्या भीतीला शरीरात कारणं असतात. ती मोजता येते, आणि योग्य क्रमाने काम केलं तर कमीही करता येते.

घोट्याच्या शस्त्रक्रिया अनेक प्रकारच्या असतात. हाड मोडलं तर प्लेट आणि स्क्रू, टेंडन तुटलं तर त्याची जोडणी, सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, खराब झाली तर दुर्बिणीतून उपचार. इथे मुख्यतः एका प्रकाराबद्दल बोलू, कारण कबड्डी, खो-खो, फुटबॉल, बॅडमिंटन, बास्केटबॉल खेळणाऱ्यांच्या तो जास्त ओळखीचा आहे: सारखा मुरगळणारा घोटा आणि त्यासाठी केलेली अस्थिबंधाची, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची (लिगामेंटची), दुरुस्ती.

घोट्यात काय बिघडतं

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन अस्थिबंध असतात. पाऊल आतल्या बाजूला वळून अंगाचा भार त्यावर आला, की त्यातला पुढचा आधी ताणला जातो किंवा फाटतो. बहुतेक वेळा विश्रांती आणि व्यायामाने तो सावरतो. पण काही जणांचा घोटा पहिल्या दुखापतीनंतर ढिला राहतो. सपाट रस्त्यावर चालतानाही मध्येच वळतो, 'दगा देतो'. व्यायाम मनापासून करूनही हे थांबलं नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. स्वीडनचे शल्यचिकित्सक लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी 1966 मध्ये मांडलेली पद्धत, 1980 मध्ये नॅथॅनिएल गूल्ड यांनी केलेल्या सुधारणेसह, आजही सर्वाधिक वापरात आहे. ढिला पडलेला अस्थिबंध ताणून हाडाला पुन्हा शिवायचा आणि शेजारच्या पट्ट्याने त्याला आधार द्यायचा, असं तिचं साधं रूप. नंतर काही दिवस प्लास्टर किंवा स्प्लिंट, मग वॉकर बूट (पायाला आधार देणारा कडक बूट), मग ब्रेस. तीन-चार महिन्यांच्या आसपास पळणं आणि हळूहळू खेळ. हे वेळापत्रक शस्त्रक्रियेवर आणि तुमच्या डॉक्टरांवर अवलंबून असतं, त्यामुळे शेजारच्याचं वेळापत्रक स्वतःला लावू नका.

आता जी गोष्ट बऱ्याच खेळाडूंना कुणी सांगतच नाही, ती सांगतो. अस्थिबंध म्हणजे हाडं बांधून ठेवणारा नुसता दोर नव्हे. त्याच्यात आणि आसपासच्या ऊतींमध्ये बारीक चेतातंतू असतात. पाऊल किती वळलंय, भार कुठे आहे, किती वेगाने सरकतोय, याची खबर ते मेंदूला सतत पोचवत असतात. दुखापतीत अस्थिबंधाबरोबर ही खबर देणारी यंत्रणाही बिघडते. शस्त्रक्रियेने सांधा घट्ट होतो, पण टाके घातले म्हणून खबर लगेच पूर्ववत होत नाही. त्यात कित्येक आठवडे पाय हललेलाच नसतो, पोटरी बारीक झालेली असते. वारंवार घोटा मुरगळणारी माणसं तोल सांभाळायला डोळ्यांवर जास्त विसंबतात, हे अभ्यासांत दिसून आलं आहे. पायाकडून नीट कळत नाही, म्हणून मेंदू डोळ्यांना विचारतो.

म्हणजे खेळाडू 'पायाचा भरवसा वाटत नाही' म्हणतो, तेव्हा तो सबब सांगत नसतो. पायाकडून येणारी खबर खरोखरच अर्धवट असते आणि मेंदू तिच्यावर पैज लावायला तयार नसतो. मैदानात नजर चेंडूवर किंवा समोरच्या गड्यावर ठेवावी लागते, पायाकडे बघत खेळता येत नाही. म्हणून व्यायामशाळेत ठणठणीत वाटणारा घोटा सामन्यात परका वाटू लागतो.

अंग चोरून खेळणं

भीती मनात बसली की ती हालचालीत उतरते. समजा, खो-खो खेळणारी एक मुलगी शस्त्रक्रियेनंतर परतली आहे. सरळ पळताना ती झकास पळते. खांबाजवळ आली की मात्र दोन पावलं आधीच वेग कमी होतो. वळण दुखऱ्या पायावर घ्यायचं असेल, तर एक जादा पाऊल टाकून ती चांगला पाय पुढे आणते. सूर मारायची वेळ आली की हात लांब करते, पण मागचा पाय पूर्ण रेटत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सराव कमी पडतोय. तिला विचारलं तर तीही तेच सांगेल, कारण ही बचत ती ठरवून करत नाही. प्रशिक्षकाने मोबाइलवर चित्रीकरण करून दाखवलं, तर कदाचित तिला स्वतःलाच आश्चर्य वाटेल.

अशा वेळी घोट्याभोवतीचे सगळे स्नायू एकदम आवळले जातात आणि सांधा ताठ होतो. गुडघा कमी वाकतो, त्यामुळे उडी मारून उतरताना धक्का जिरत नाही. एरवी आपोआप होणाऱ्या हालचालीवर पहारा बसतो आणि ती अडखळते. शिवाय लक्ष घोट्यात अडकल्यामुळे समोरचा गडी कुठे झुकतोय ते उशिरा दिसतं. म्हणजे दुखापत टाळण्यासाठी अंग चोरून खेळावं, तर त्यातूनच नवी दुखापत व्हायची शक्यता वाढते.

मानसशास्त्रात या चक्राची मांडणी पाठदुखीच्या रुग्णांवरून झाली. दुखणं म्हणजे काहीतरी तुटतंय, असा अर्थ मनाने लावला की माणूस हालचाल टाळतो. टाळल्याने ताकद घटते. ताकद घटली की पुढची हालचाल आणखी अवघड जाते, आणि भीती खरी होती असं वाटू लागतं. हालचालीच्या या भीतीला 'कायनेसिओफोबिया' म्हणतात आणि ती मोजायला टँपा प्रमाणपट्टी नावाची 17 विधानांची प्रश्नावली वापरतात.

याची दुसरी बाजूही आहे. सतरा वर्षांचा मुलगा, पंधरा दिवसांवर जिल्हा निवड चाचणी, आणि तोंडात एकच वाक्य: 'मी एकदम फिट आहे.' त्याला भीती शून्य असते, पण एका पायावर दहा सेकंद उभं राहताना पाऊल थरथरत असतं. हीसुद्धा मनाची अपुरी तयारीच. आपल्या मैदानांवर घाबरणाऱ्याची थट्टा होते आणि या मुलाला शाबासकी मिळते. खरं म्हणजे काळजी दोघांचीही करायला हवी.

बारा प्रश्न

गुडघ्याच्या बाबतीत हा विषय आधी हाताळला गेला. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियात केट वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर खेळात परतण्याची मानसिक तयारी मोजणारी 12 प्रश्नांची पट्टी प्रसिद्ध केली. तिच्यावरूनच 2020 मध्ये फ्रेंच संशोधकांनी घोट्याच्या अस्थिबंध-दुरुस्तीसाठी पट्टी तयार केली. तिचं नाव एएलआर-आरएसआय. प्रत्येक उत्तराला गुण देऊन एकूण 0 ते 100 असा आकडा काढतात. आकडा जितका मोठा, तितकी तयारी जास्त.

प्रश्न अगदी साधे आहेत. त्यांचा आशय असा: घोटा दगा देणार नाही याची खात्री वाटते का? पूर्वीच्या पातळीवर खेळता येईल असं वाटतं का? पुन्हा दुखापत होईल अशी भीती वाटते का? पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा तो सगळा काळ, हा विचार खेळण्याच्या आड येतो का? खेळताना सारखा घोट्याचा विचार करावा लागतो, याचा वैताग येतो का? खेळायला जाताना मन निवांत असतं का? या प्रश्नांमध्ये तीन धागे गुंफलेले आहेत: भावना, स्वतःच्या कामगिरीवरचा विश्वास, आणि धोक्याचा अंदाज.

माझ्या मते एकूण आकड्यापेक्षा कुठल्या प्रश्नाला कमी गुण पडले, हे बघणं जास्त उपयोगाचं. तिघांचे गुण 55 आले तरी तिघांच्या अडचणी वेगळ्या असू शकतात.

एकाला घोट्याच्या स्थिरतेबद्दल शंका आहे, बाकी सगळं ठीक. तिथे आधी घोटाच तपासायचा. तोल, पोटरीची ताकद, बाजूला उड्या मारता येतात का, हे बघायचं. कदाचित शंका रास्त असेल आणि व्यायामच अपुरा पडला असेल.

दुसरीला घोट्याबद्दल तक्रार नाही, पण 'पुन्हा ते सगळं' या विचाराने तिची झोप उडते. तिच्या आठवणीत कुबड्या आहेत, बुडालेलं वर्ष आहे, घरात झालेला खर्च आणि आईची धावपळ आहे. तिला आणखी शंभर उड्या मारायला लावून काही साधणार नाही. तिच्याशी बोलायला हवं. पुन्हा पाय मुरगळलाच तर काय करायचं, कुणाला दाखवायचं, किती दिवस थांबायचं, हे आधीच ठरवून कागदावर लिहिलं, की त्या भीतीला काहीतरी मर्यादा येते.

तिसऱ्याला दुखापतीची भीती नाहीच. त्याला वाटतंय की आपला वेळ चुकतो, फटका बसत नाही, सहकारी पुढे निघून गेले. त्याला चेंडूबरोबर, गड्यांबरोबर जास्त सराव हवा. फिजिओच्या टेबलावर त्याचं औषध नाही.

अमुक गुण मिळाले की पास, अशी सर्वांना लागू पडणारी रेघ कुणी आखू नये. ही प्रश्नावली एकदाच, अगदी शेवटी भरून घेण्यातही अर्थ नाही. बूट निघाल्यावर, पळायला लागल्यावर, सराव सामन्यांच्या आधी अशी ती पुन्हा पुन्हा भरली, तर आकडा कुठे चाललाय ते दिसतं. पाय सुधारतोय आणि आकडा मात्र जागच्या जागी, असं दिसलं तर लगेच लक्ष घालावं.

मनाचे गुण आणि पायाचे गुण एकत्र मांडणारी पद्धतही आता आहे. अँकल-गो नावाच्या चाचणीसंचात एकूण 25 गुण असतात. एका पायावर तोल सांभाळणं, एका पायावर उभं राहून दुसरा पाय ठरावीक दिशांना लांबवणं, बाजूला उड्या, इंग्रजी आठच्या आकारात लंगडी घालत जाणं, आणि सोबत प्रश्नावल्या, ज्यात एएलआर-आरएसआयही आहे. 2021 मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीतून घोटा मुरगळल्यानंतर खेळात परतण्यासाठी जी चौकट तयार झाली, तिच्यातही वेदना, घोट्यातले दोष, तोल-नियंत्रण आणि खेळातली कामगिरी यांच्या बरोबरीने खेळाडूला स्वतःला काय वाटतं, हा स्वतंत्र निकष आहे.

बाजूच्या उड्यांची चाचणी कशी असते ते जरा जवळून बघा. जमिनीवर 30 सेंटीमीटर अंतराने दोन पट्ट्या चिकटवायच्या. एका पायावर इकडून तिकडे, तिकडून इकडे, अशा दहा फेऱ्या, आणि हातात स्टॉपवॉच. घड्याळ फक्त सेकंद सांगतं. बाकीचं बघणाऱ्याने टिपायचं. पहिल्या उडीच्या आधी खेळाडू थबकतो का? श्वास रोखतो का? नजर पट्टीवरच खिळलेली आहे का? बाहेरच्या बाजूला उतरताना गुडघा ताठ राहतो का? संपल्यावर तो आधी घड्याळाकडे बघतो की घोट्याला हात लावतो? मग विचारायचं, 'डळमळलं का?' एखाद्याची वेळ उत्तम असते आणि उत्तर 'हो' येतं. असा खेळाडू सामन्यासाठी अजून तयार झालेला नसतो.

परतणं म्हणजे नेमकं कुठे परतणं

2015 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात क्रीडा-फिजिओथेरपीची जागतिक परिषद भरली होती. तिथून पुढच्या वर्षी आलेल्या सहमती-पत्रात खेळात परतण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत. आधी सरावात सहभागी होणं, मग आपल्या खेळात परतणं, मग पूर्वीच्या किंवा त्याहून चांगल्या कामगिरीला परतणं. आपल्याकडे दुसरा टप्पा आला की सगळे टाळ्या वाजवतात आणि तिसरा लगेच यावा अशी अपेक्षा धरतात.

अमेरिकी बास्केटबॉलपटू गॉर्डन हेवर्डचं उदाहरण इथे चपखल बसतं. 17 ऑक्टोबर 2017 ला, बोस्टन सेल्टिक्सकडून पहिल्याच सामन्यात, खेळ सुरू होऊन काही मिनिटं झाली असताना उडीवरून तो वेडावाकडा उतरला. डावा घोटा निखळला, नडगीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि पुढे प्लेट-स्क्रू काढण्यासाठी आणखी एक. बरोबर एका वर्षाने, ऑक्टोबर 2018 मध्ये, तो परतला. पण दुखापतीच्या आधीच्या हंगामात यूटा संघाकडून सामन्यामागे 21.9 गुण करणारा हा खेळाडू परतल्यानंतरच्या हंगामात 11.5 वर आला आणि बऱ्याच सामन्यांत राखीव म्हणून उतरला. त्याच्या पुढच्या हंगामात सरासरी 17.5 झाली. एवढे डॉक्टर, एवढे प्रशिक्षक, एवढा पैसा हाताशी असलेल्या खेळाडूला परतल्यावरही एक अख्खा हंगाम लागला. मग नोकरी किंवा कॉलेज सांभाळून खेळणाऱ्याने पहिल्या महिन्यात स्वतःला नापास ठरवण्याचं काहीच कारण नाही.

विश्वास कशाने येतो

1977 मध्ये अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने 'हे मला जमेल' हा विश्वास कुठून येतो, याचे चार स्रोत सांगितले. स्वतः करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि आपल्या शरीरात त्या क्षणी काय जाणवतंय त्याचा आपण लावलेला अर्थ. यातला पहिला सगळ्यात जोरकस. आपण मात्र सगळा भार तिसऱ्यावर टाकतो. 'घाबरू नकोस, काही होत नाही' हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं, पण समोरच्या मेंदूला शब्दांपेक्षा पुरावा हवा असतो.

तो पुरावा जमवायचा म्हणजे भीती वाटणाऱ्या हालचाली लिहून काढायच्या आणि कमी भीतीपासून जास्त भीतीकडे जायचं. कबड्डीपटूची यादी अशी असू शकते: जागेवर दोन पायांवर उड्या, एका पायावर उड्या, आठच्या आकारात पळणं, रिकाम्या मैदानात चढाई आणि बोनस रेषेपर्यंत पाय टाकून परतणं, समोर एकच गडी पण तो पकडणार नाही, मग हळू पकड, मग पूर्ण साखळी, आणि सर्वांत शेवटी घोट्याची पकड. प्रत्येक हालचालीपुढे भीतीला 0 ते 10 गुण द्यायचे. एखादी हालचाल करताना भीती दोन-तीनवर आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा सुजला नाही, की पुढची. सकाळच्या सुजेची ही अट सोडू नका, कारण मनाला पुरावा देताना सांध्यावर अत्याचार करायचा नाही.

याच यादीत आणखी एक क्रम मिसळावा लागतो. सुरुवातीला काय होणार ते आधी माहीत असतं: 'तीन म्हटलं की उजवीकडे वळ.' नंतर ते काढून घ्यायचं. प्रशिक्षकाने ऐन वेळी हात दाखवायचा आणि त्या दिशेला वळायचं. मग चेंडू झेलत वळायचं, मग धक्का खात. डोळे पायाकडे जाऊ नयेत म्हणून एका पायावर उभं राहून भिंतीवर चेंडू मारून झेलणं हा साधा व्यायाम फार गुणाचा आहे. सूचना देताना 'घोटा सरळ ठेव' म्हणण्याऐवजी 'त्या खुणेवर हलकं उतर' म्हणावं. लक्ष शरीराच्या बाहेर गेलं की हालचाल मोकळी होते.

ब्रेसचा प्रश्न नेहमी येतो. घोट्याला आधार देणारा ब्रेस किंवा टेप लावून खेळण्यात कमीपणा काहीच नाही, त्याने पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण घटतं. फक्त सरावातले काही व्यायाम, डॉक्टरांना विचारून, ब्रेस काढूनही करावेत. नाहीतर विश्वास सगळा ब्रेसवर बसतो आणि एखाद्या दिवशी तो घरी विसरला की खेळच अडतो.

मनातल्या मनात केलेला सरावही कामाचा असतो. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या 30 जणांपैकी काहींना सहा महिन्यांत विश्रांतीचं तंत्र आणि मार्गदर्शित कल्पनाचित्रण यांची सत्रं दिली होती. त्यांच्या गुडघ्याची ताकद जास्त भरली, वेदना आणि पुन्हा दुखापतीची चिंता कमी राहिली. अभ्यास लहान आहे आणि गुडघ्याचा आहे, तरी करून बघण्यात धोका नाही आणि खर्चही नाही. बूटमध्ये पाय असतानाच्या दिवसांत तर हे हमखास करावं. डोळे मिटून आपलंच मैदान आणायचं, मातीचा वास, चपळ पावलं, वळण, आणि दुखरा पाय पूर्ण टेकवून घेतलेला रेटा.

शमीच्या परतण्याच्या वाटेकडेही बघण्यासारखं आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये तो बंगालकडून रणजी सामना खेळला आणि त्यात 7 बळी घेतले. नंतर देशांतर्गत टी-20 आणि एकदिवसीय सामने खेळला. मधे गोलंदाजीचा ताण वाढल्याने डाव्या गुडघ्याला सूज आली आणि डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाला पाठवण्याचा विचार बाजूला ठेवला गेला. जानेवारी 2025 मध्ये राजकोटला तो इंग्लंडविरुद्ध भारताकडून टी-20 खेळला आणि 20 फेब्रुवारीला दुबईत चॅम्पियन्स करंडकात बांगलादेशचे 5 बळी घेतले. वाट सरळ नव्हती. एका ठिकाणी थांबावं लागलं आणि ते थांबणंही वेळापत्रकाचाच भाग होतं.

आजूबाजूची माणसं

महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये पात्र खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्यामुळे राज्य पातळीवरची एखादी स्पर्धा म्हणजे कित्येक घरांत नोकरीचा दरवाजा. हा ताण खरा आहे, त्याला नावं ठेवून उपयोग नाही. पण त्यामुळेच 'कधी परतायचं' हा निर्णय खेळाडूच्या हातून निसटतो. वडील तारीख सांगतात, सर संघ जाहीर करतात, आणि मुलगी गप्प बसते.

संशोधन सांगतं, की निर्णयात आपलं म्हणणं ऐकलं जातंय, आपल्याला काहीतरी जमतंय आणि आपण संघातले आहोत, या तीन जाणिवा टिकल्या तर परतणं निरोगी होतं. यातली तिसरी शस्त्रक्रियेनंतर सगळ्यात आधी तुटते. मुलगा तीन महिने मैदानावर येतच नाही. सरांनी त्याला कुबड्यांसह बोलवावं, गुण लिहायला बसवावं, नव्या मुलांना डावपेच सांगायला लावावं. आधी अशीच शस्त्रक्रिया होऊन परतलेल्या एखाद्या खेळाडूशी गाठ घालून दिली, तर त्याहून उत्तम. पालकांनी 'दुखतंय का?' याशिवाय दुसरा प्रश्न विचारायला शिकावं. 'आज कुठल्या हालचालीला कचरलास?' असं विचारलं तर मुलं बोलतात.

भीती खरी असते तेव्हा

प्रत्येक शंका मनाची नसते. चालताना घोटा पुन्हा वळू लागला, विश्रांती घेऊनही सूज किंवा वेदना वाढत गेली, सांधा अडकल्यासारखा झाला, पावलाच्या वरच्या भागावर बधिरपणा किंवा झिणझिण्या पसरत गेल्या, तर शल्यचिकित्सकाकडे जा. टाक्यांच्या जागी लाली, पाणी, ताप, किंवा पोटरीत अचानक दुखणं आणि सूज असेल, तर त्याच दिवशी जा. ही लक्षणं मनाच्या तयारीच्या खात्यात टाकू नयेत.

उलटपक्षी, आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशात रस नाही, मित्र टाळले जातायत, खेळाशिवाय मी कोण, हा प्रश्न सुटत नाही, तर हे घोट्याच्या व्यायामाने बरं होणारं नाही. मानसशास्त्रज्ञाकडे जावं. जवळ कुणी नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

पहिल्या सामन्याआधी प्रशिक्षकाशी तीन गोष्टी ठरवून घ्या: किती वेळ खेळायचं, बाहेर यायचं असेल तर कुठली खूण करायची, आणि खूण केल्यावर मैदानात कुणी कारण विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही घोटे शेजारी ठेवून सूज बघा. त्याच आठवड्यात ते बारा प्रश्न पुन्हा सोडवा आणि कागद फिजिओला दाखवा. पहिल्या सामन्यानंतर एखाद्या उत्तराचे गुण घसरले, तर दचकू नका. कल्पनेतल्या सामन्याच्या जागी आता खरा सामना आलेला असतो, आणि पुढच्या आठवड्याचा सराव त्या उत्तरावरून आखायचा असतो.